मुलाच्या ऑटिझमसाठी जेनेटिक टेस्ट करताय? आधी हे वाचा

ऑटिझमचं निदान रक्त तपासून होत नाही, ते मुलाचं वागणं-बोलणं बघूनच होतं, जेनेटिक टेस्ट फक्त कारण शोधायला. म्हणून थेट लॅब गाठू नका, आधी जेनेटिक काउन्सिलरला (आनुवंशिक आजार आणि टेस्टबद्दल सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाला) भेटा आणि जाताना दोन्हीकडच्या घराण्याची माहिती न्या, कुणाला फिट्स यायच्या, कोण उशिरा बोललं, नात्यात लग्न झालंय का वगैरे (सासरी विचारायला जड जातं, तरी विचारा).

सहसा क्रोमोसोमल मायक्रोअरे (गुणसूत्राचा एखादा तुकडा कमी-जास्त आहे का ते बघणारी टेस्ट) आणि फ्रॅजाइल एक्स (एक्स गुणसूत्रावरच्या एका जीनमधल्या दोषाची टेस्ट) सांगतात, हल्ली एक्सोम सिक्वेन्सिंगही (जीन्सचा प्रथिनं बनवणारा भाग वाचणारी टेस्ट) सुरुवातीलाच करतात. शक्य असेल तर आईबाबांचंही रक्त द्याच, कारण शँक-3 सारख्या ऑटिझमशी जोडलेल्या जीनमधला बदल बऱ्याचदा मुलात नव्यानेच झालेला असतो आणि तिघांचं ताडून बघितलं तरच ते कळतं.

रिपोर्टवर 'व्हीयूएस' दिसलं तर घाबरू नका, बदल सापडलाय पण त्याचा अर्थ आज लागत नाहीये एवढंच, दोन-तीन वर्षांनी तोच डेटा परत तपासायला सांगा. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे जेनेटिक कारण नाहीच असंही नाही, 2019 च्या पाच देशांच्या अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा 80 टक्क्यांच्या आसपास निघाला, पण तो शेकडो जीन्समध्ये विखुरलेला. तेव्हा आईच्या डोहाळ्यांवर घरात कोर्ट भरवू नका!

औषधांचं म्हणाल तर 2023 मध्ये अमेरिकेत रेट सिंड्रोमसाठी (एका जीनमधल्या बदलामुळे होणारा, ऑटिझमसारखी लक्षणं दिसू शकणारा दुर्मिळ आजार) ट्रोफिनेटाइड या औषधाला मंजुरी मिळाली, पण ते रेटपुरतंच. 'ऑटिझम बरा करतो' म्हणून कुणी स्टेम सेलचा (मूळ पेशी शरीरात सोडण्याचा) उपचार विकत असेल तर एक रुपयाही देऊ नका. आणि रिपोर्टची वाट बघत स्पीच थेरपी थांबवू नका.