गुगल ड्राइव्ह आणि ड्रॉपबॉक्समध्ये एकच फोल्डर
घरची कागदपत्रं किंवा कामाच्या फाइली दोन्हीकडे सारख्या ठेवायच्या असतील, तर आरक्लोन (rclone) हे कमांडने चालणारं सॉफ्टवेअर वापरा. मोफत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. 'कॉन्फिग' कमांडने दोन्ही खाती एकदाच जोडून घ्या.

आता नीट लक्ष द्या. 'कॉपी' ही कमांड फक्त नवं-बदललेलं पुढे नेते, काही पुसत नाही. 'सिंक' मात्र एकतर्फी आहे: मूळ फोल्डरमध्ये जे नाही, ते दुसरीकडूनही उडवते. स्रोत आणि ठिकाण यांची अदलाबदल झाली, तर फाइली गेल्याच म्हणून समजा! म्हणून आधी 'ड्राय-रन' लावून काय-काय पुसलं जाणार ते बघाच. दोन्ही बाजूंनी बदल करत असाल तर 'बायसिंक' घ्या. पहिल्या वेळी त्याला 'रीसिंक' हा पर्याय जोडावा लागतो, नंतर सहसा नाही.

रोज आपोआप चालायला विंडोजचा टास्क शेड्युलर किंवा लिनक्सवर क्रॉन पुरे. संगणक त्या वेळी सुरू हवा, एवढंच.

ड्रॉपबॉक्सच्या मोफत खात्यात जागा २ जीबीच, गुगलकडे १५. तेव्हा फोल्डर बेताचाच निवडा. गुगल डॉक्समधले दस्तऐवज ड्रॉपबॉक्समध्ये वर्ड फाइल होऊन उतरतात, त्यामुळे ते बायसिंकमधून वगळलेले बरे.