गणपतीला गावी निघालात आणि अंगात ताप आहे

भाद्रपद हा तापाचा महिना. भिजलेले कपडे, खिडक्या लावून घेतलेली लोकल, ऑफिसात एकाला झालं की आठवड्याभरात सगळे खोकायला लागतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत मुंबई-ठाण्याचा चाकरमानी कोकणात निघतो. तिकीट आरक्षण उघडल्या उघडल्या काढलेलं असतं, रजा मंजूर असते, घरी मखर लागलेलं असतं. तेव्हा ‘आजारी असाल तर जाऊ नका’ एवढं सांगून कोणी थांबत नाही, हे मला माहीत आहे. पण गाडीत शेजारी बसणारा आणि गावच्या घरी दार उघडणारा, या दोघांनाही न विचारता आपला आजार देण्याचा हक्क आपल्याला नाही. निघायचंच असेल तर नीट तयारी करून निघा.

पहिलं काम डॉक्टरांकडे जाणं. ‘व्हायरल आहे’ असं आपलं आपण ठरवून मोकळं होऊ नका. डेंग्यू आणि लेप्टो याच दिवसांत असतात. ते शेजारच्याला श्वासातून लागत नाहीत, म्हणजे डब्यातल्या लोकांना धोका नाही, पण तुम्हाला आहे. डेंग्यूत ताप उतरत असतानाच तब्येत ढासळू शकते, आणि ती वेळ कोकण रेल्वेच्या एखाद्या लहान स्टेशनाबाहेर गाडी क्रॉसिंगला थांबलेली असताना यायला नको. फ्लू मात्र लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस पसरतो. कांजिण्या फोड यायच्या एक-दोन दिवस आधीपासून शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत लागतात. गोवर पुरळ येण्याच्या चार दिवस आधीपासून नंतरच्या चार दिवसांपर्यंत, आणि त्याचा विषाणू रोगी उठून गेल्यावरही बंद जागेतल्या हवेत दोन तासांपर्यंत राहतो. गोवर झालेलं मूल पनवेलला उतरलं तरी त्या डब्यात नंतर चढलेल्या बाळाला तो लागू शकतो. २०२२ मध्ये गोवंडीत गोवराची साथ आली तेव्हा तो किती झपाट्याने घराघरांत शिरतो, ते मुंबईने पाहिलं आहे. डोळे आले असतील तर लक्षात घ्या, ते बघितल्याने लागत नाहीत, हाताने लागतात. २०२३ च्या जुलैत आळंदीपासून जी साथ पसरली ती हात, टॉवेल आणि उशा यांच्यावरून. क्षयाचं निदान नुकतंच झालं असेल तर औषध सुरू होऊन साधारण दोन आठवडे झाल्याशिवाय आणि डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय निघू नका.

गोवर किंवा कांजिण्या असतील तर पुढची तयारी तुमच्यासाठी नाहीच. तिकीट रद्द करा. यात चर्चा नको. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम ५६ नुसार ठरवून दिलेले संसर्गजन्य आजार असलेल्या माणसाला परवानगीशिवाय डब्यात बसता येत नाही. बसलाच तर त्याचं आणि सोबतच्याचंही तिकीट जप्त करून दोघांना उतरवता येतं. कायदा बाजूला ठेवा, ज्या गरोदर बाईला लहानपणी कांजिण्या झालेल्या नाहीत तिला त्या आता झाल्या तर तिच्या आणि पोटातल्या बाळाच्या जिवावर बेतू शकतं. गणेशोत्सवाच्या गाडीत गरोदर बाई नाही, असा डबा मी तरी पाहिलेला नाही.

आता फोन. बॅग भरण्याआधी, तिकिटाचं काही ठरवण्याआधी गावच्या घरी फोन करा. गेल्या खेपेला आमचं हेच राहिलं. मास्क होता, गोळ्या होत्या, गाडीत सगळं सांभाळून नेलं. घरी मात्र कोणाला काही माहीत नव्हतं. भाकरतुकडा ओवाळायला वहिनी बाहेर आली ती कडेवर तान्हं बाळ घेऊनच, आणि ‘लांब राहा’ म्हणेपर्यंत बाळ हातात आलेलं होतं. गौरी जेवायच्या दिवशी बाळाला घेऊन वहिनी तालुक्याच्या दवाखान्यात होती. म्हणून सांगते, फोन करा. ‘पोचल्यावर सांगू’ असं म्हणू नका. पोचल्यावर उशीर झालेला असतो, कारण कोकणातल्या घरात माणूस उंबऱ्याच्या आत येतो तो थेट सगळ्यांच्या मिठीत येतो.

फोनवर काय सांगायचं तेही सांगते. ताप कधीपासून आहे, खोकला आहे का, डॉक्टरांनी काय नाव सांगितलं. मग विचारा: घरात कोण कोण येणार आहे? कोणी गरोदर आहे का? सहा महिन्यांच्या आतलं बाळ आहे का? आजीचा दमा कसा आहे? कोणाची केमो चालू आहे का, डायलिसिस चालू आहे का? बाळाला फ्लूची लस सहा महिन्यांच्या आत देता येत नाही, गोवराची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते. त्याच्या आतलं बाळ सर्वस्वी आपल्या भरवशावर असतं. आणि फोन घरातल्या अशा माणसाला करा जो निर्णय घेईल. चुलतभावाला व्हॉट्सॲपवर ‘थोडं बरं नाहीये’ टाकून ठेवणं म्हणजे सांगणं नव्हे. तो आरास करण्यात गुंतलेला असतो, त्याच्याकडून पुढे जात नाही. आईशी बोला, काकाशी बोला, सुनेशी बोला. त्यांनी ‘या, काही होत नाही’ म्हटलं तर पुन्हा एकदा बाळाची आठवण करून द्या, कारण आपली माणसं मायेपोटी नाही म्हणत नाहीत.

त्या फोनमधूनच बरेचदा मार्ग निघतो. चतुर्थीला न जाता गौरी येतात तेव्हा जा. तोवर ताप उतरलेला असतो आणि गाड्यांची गर्दीही थोडी ओसरलेली असते. पूजेला बसणारे तुम्हीच असाल तर भाऊ बसेल, भावकीतलं कोणी बसेल. आरक्षित तिकीट नक्की झालेलं असेल तर ते आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, नवरा-बायको यांच्यापैकी एकाच्या नावावर करून मिळतं, फक्त अर्ज गाडी सुटायच्या चोवीस तास आधी आरक्षण कार्यालयात द्यावा लागतो. हे फार कमी लोकांना माहीत आहे. घरात दुसरं कोणी जाण्यासारखं असेल तर हे आधी करा.

ताप मोजताना स्वतःला फसवू नका. पॅरासिटामॉल घेऊन दोन तासांनी थर्मामीटर लावला तर तो बरंच दाखवणार. गोळीशिवाय पूर्ण चोवीस तास ताप नाही आणि खोकला कमी होतोय, म्हणजे निघण्याजोगं झालात. गोळी खाऊन ताप दाबायचा आणि भरलेल्या गाडीत लोकांमध्ये जाऊन बसायचं, हे मला मान्य नाही.

तरीही जाणं भाग आहे असं धरू. घरात आजारपण आहे, मयत आहे, किंवा घरात पूजा करणारं दुसरं खरोखरच कोणी नाही. मग गाडी कोणती ते बघा. ओळखीच्या कोणाची रिकामी गाडी मिळाली तर उत्तम, काचा खाली ठेवून. चारजणांनी मिळून केलेली भाड्याची गाडी हा पर्याय नव्हे, त्या बंद डब्यात आठ-दहा तास तुम्ही तिघांच्या तोंडावर खोकणार. रेल्वेत एसीपेक्षा स्लीपर बरा, खिडकी उघडता येते. बाजूची खालची सीट मिळाली तर घ्या, एका अंगाला खिडकी आणि समोर एकच माणूस. जनरल डब्यात, दिवा-सावंतवाडीला चतुर्थीच्या आदल्या दिवशी, जाऊच नका. तिथे माणसं दारात आणि संडासाजवळ उभी असतात, तुम्ही कुठे तोंड फिरवणार? एसटीत शिवशाहीपेक्षा लालपरी, खिडकीची जागा, आणि पाऊस आत आला तरी काच थोडी सरकवून ठेवायची.

बॅगेत मास्क. एक नव्हे, पुरेसे. शिंका-खोकल्याने मास्क ओला होतो आणि ओला मास्क कामाचा नाही, तो दर काही तासांनी बदलावा लागतो. पुढे प्लॅस्टिकची झडप असलेला एन-९५ घेऊ नका. तो चढवून लोक मोठ्या विश्वासाने फिरतात, पण त्या झडपेतून तुमचा श्वास न गाळता सरळ बाहेर जातो. त्याने तुमचं रक्षण होतं, शेजारच्याचं नाही, आणि इथे आजारी तुम्ही आहात. झडप नसलेला एन-९५ किंवा साधा तीनपदरी सर्जिकल, नाकावर पट्टी दाबून. हनुवटीवर नाही. वापरलेले मास्क आणि टिश्यू टाकायला तोंड बंद होणारी पिशवी हवी. सीटखाली नाही, खिडकीतून नाही, समोरच्या जाळीत तर अजिबात नाही. थुंकायचं असेल तर टिश्यूत, आणि तो त्या पिशवीत. साबणाची छोटी वडी डबीत घालून घ्या. जुलाब-उलट्या असतील तर सॅनिटायझरवर भिस्त ठेवू नका, पोटाचे काही विषाणू त्याने नीट जात नाहीत, साबण-पाणीच लागतं. तसे असाल तर खरं म्हणजे घरीच राहा, डब्यातला संडास सगळ्यांचा आहे. स्वतःची चादर, स्वतःची बाटली, थर्मासमध्ये गरम पाणी, खडीसाखर, लवंग. ओआरएस. औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी वरच्या कप्प्यात.

गाडीत बसल्यावर शेजारच्याला सांगा. हे जड जातं, मला कळतं. लोक तोंड वाकडं करतील ही भीती असते. पण ‘काकू, मला ताप-खोकला आहे, बाळाला तेवढं पलीकडे घ्याल का?’ हे एक वाक्य आहे. ऐकणारी बाई बहुतेक वेळा ‘बरं झालं सांगितलंस’ म्हणते आणि वर स्वतःहून जागा बदलून देते. समोर बाळंतीण किंवा म्हातारं माणूस असेल तर टीसीला विचारून तुम्ही हला, त्यांना हलवू नका. खायला मास्क काढावा लागतो, तेव्हा गाडी थांबल्यावर फलाटावर उतरून खा, नाहीतर दाराशी जाऊन पटकन आटपा. शिदोरी वाटू नका. कोणी आपल्या डब्यातली चकली पुढे केली तर डब्यात हात घालू नका, सांगा की तब्येत बरी नाही. खोकला आला की कोपरात, आणि खिडकीकडे तोंड करून. फोनवर मोठ्याने बोलत बसू नका, बोलण्यानेही तुषार उडतात. वाटेत तब्येत बिघडली तर रेल्वेचा १३९, गाडीबाहेर असाल तर १०८.

आणि गाडी रत्नागिरीच्या किंवा कणकवलीच्या अलीकडे आली की पुन्हा फोन. हो, पुन्हा. पहिला फोन घराला सावध करायला होता, हा स्टेशनावर कोण येणार ते ठरवायला. कोणी कळवलं नाही की न्यायला पोरं येतात, दुचाकीवर पाठीला चिकटून बसवून नेतात. नाहीतर तुम्ही वडापमध्ये दहाजणांत कोंबले जाता आणि सगळी मेहनत त्या शेवटच्या टप्प्यात वाया जाते. रिक्षा एकट्याने करा, पैसे जास्त पडले तरी. रिक्षावाल्यालाही सांगा, मागचा पडदा वर करून घ्या. घरी सांगा की ओवाळायला बाळाला घेऊन कोणी येऊ नये, पाय धुवायचं पाणी पडवीत ठेवून आत व्हावं. फोन केलात ना? केला नसेल तर हे वाचणं थांबवून करा.

घरी पोचल्यावर स्वतंत्र खोली, नसेल तर पडवी किंवा ओटीचा कोपरा, खिडकीजवळ. मोदक वळायला बसू नका, उकडीला हात लावू नका. आरती खळ्यातून, झांज वाजवा, आरती म्हणू नका. भजनाला बसू नका, बंद माजघरात रात्रभर गाणाऱ्या माणसांत तर नाहीच. दर्शनाला घरोघर फिरणं यंदा नाही. ताट-वाटी वेगळी ठेवली तरी चालेल, पण खरा बचाव हवा खेळती ठेवण्यात आहे. बाळाला किंवा गरोदर बाईला ताप आला तर वाट न बघता प्राथमिक आरोग्य केंद्रात.

परतीला सगळं तेच. आता सोबतचं कोणी तापलेलं असू शकतं, तर त्याचाही मास्क. परतीचं तिकीट आहे म्हणून ताप असताना निघू नका, रजा वाढवा. मुंबईच्या घरी कोणी म्हातारं असेल तर तिथेही आधी फोन. वापरलेली चादर धुवायला वेगळी, आणि कामावर गोळीशिवाय ताप नसलेला पूर्ण दिवस गेल्यावरच.