कालव्याकाठचा फुकट सिनेमा: या चुका टाळा

लंडनला किंग्ज क्रॉस स्टेशनामागे ग्रॅनरी स्क्वेअर आहे. त्याच्या रुंद पायऱ्या रीजंट्स कॅनॉलकडे उतरतात. उन्हाळ्यात या पायऱ्यांसमोर मोठा पडदा लावून फुकट सिनेमे दाखवतात. भारतातून कुणी आलं की मी त्यांना तिथे नेतेच. आणि दरवर्षी आपलीच माणसं त्याच त्या चुका करताना बघते.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे दुपारचं ऊन बघून कपडे ठरवणं. काही वर्षांपूर्वी आई साताऱ्याहून आली होती. जुलै महिना, दुपारी छान ऊन. मी म्हटलं, "आई, शाल घे." ती म्हणाली, "अगं, एवढ्या उकाड्यात शाल?" आणि मी ऐकलं. सुती साडी, पायात नुसत्या चपला. नऊच्या सुमाराला पाण्यावरून वारा सुटला. आईनं पाय वर घेऊन साडीच्या काठाखाली झाकले, मग पदर कानांवरून घेतला. बोलली काहीच नाही. हात हातात घेतला तेव्हा कळलं, बोटं बर्फासारखी. शेवटची पंधरा मिनिटं टाकून आम्ही उठलो. अजून फोनवर मध्येच विचारते, "त्या पोरीचं पुढं काय झालं गं?"

तेव्हापासून माझा नेम ठरलेला आहे. प्रत्येकाला स्वेटर आणि मोजे, आईच्या वयाच्या माणसांना कानटोपीसुद्धा. आणि पांघरूण अंगावर घेण्याआधी खाली घालायचं. थंडी वाऱ्यापेक्षा बसायच्या जागेतून जास्त चढते, कारण दोन तास माणूस हलतच नाही. मी जाड सतरंजीची चौपदरी घडी नेते. योगाची चटई चालते, नुसती चादर अजिबात नाही.

लहान मुलं असतील तर त्यांना आधी कारंज्यांत सोडू नका. चौकात जमिनीतून उडणारी 1,080 कारंजी आहेत. मूल तिथे भिजणारच, आणि भिजलेल्या चड्डीवर सिनेमाभर कुडकुडत बसणार. सोडायचंच असेल तर कपड्यांचा पूर्ण जोड न्या.

दुसरी चूक म्हणजे रुमाल टाकणं. एसटीच्या खिडकीतून टाकतात तसाच. एकदा दोन मुली तीन ओढण्या पसरून दहा जणांची जागा धरून बसल्या होत्या. सिनेमा सुरू झाला, वीस मिनिटं झाली, त्यांचं कुणी आलेलं नाही. शेजारी एक आजोबा काठी टेकून उभे, आजी त्यांच्या दंडाला धरून. मी शेवटच्या ओढणीची घडी केली, मुलींच्या हातात दिली आणि त्या दोघांना बसवलं. मुली रागावल्या. रागावू देत. इथे तिकीट नाही, आसनक्रमांक नाही. जो आला त्याची जागा, एवढ्यावरच हे चालतं. मित्र उशिरा येणार असतील तर मागे बसा, तिथे सगळे मावतात.

आम्ही सिनेमाच्या तासभर आधी पोचतो. तो वेळ वाया जात नाही. मागची भलीमोठी विटांची इमारत 1852 ची, लिंकनशरचा गहू साठवायचं कोठार होतं ते. आता तिथे कलेचं महाविद्यालय आहे. डबा उघडून तिच्याकडे बघत बसावं.

डब्यात कोरडं न्या: भडंग, दशम्या, थेपले. रस्सा नको, पायऱ्यांवर सांडतो आणि खालच्याच्या पाठीवर जातो. घडीच्या खुर्च्या आणू नका, मागच्या तीन रांगांना पडदा दिसत नाही. पायऱ्यांचं तोंड दक्षिणेला आहे, त्यामुळे दुपारच्या खेळाला टोपी आणि गॉगल हवाच. काळोख पडल्यावरच सिनेमा सुरू होईल असं गृहीत धरू नका. जूनअखेर इथे सूर्य सव्वानऊनंतर मावळतो आणि एलईडी पडदा उजेडातही दिसतो, म्हणून छापलेली वेळ पाळा. बाथरूमला आधी जाऊन या. पाऊस वाटला तर छत्री नको, रेनकोट. छत्री उघडणारा मागच्यांचा सिनेमा संपवतो.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. सिनेमा सुटला की बरेच जण गर्दी चुकवायला खालच्या पाण्यालगतच्या वाटेनं निघतात. मला हा शॉर्टकट मुळीच पसंत नाही. हा कालवा 1820 मध्ये पूर्ण झाला, तेव्हा घोडे या वाटेवरून दोर लावून बोटी ओढायचे. त्यामुळे काठाला बहुतेक ठिकाणी कठडा नाही. अंधारात मागून सायकली येतात आणि घंटी ऐकून माणूस दचकून बाजूला होतो, कधी पाण्याकडेही. स्टेशनला वरच्या रस्त्यानं जा. खालून जावंच लागलं तर भिंतीच्या बाजूला मूल, पाण्याच्या बाजूला तुम्ही, आणि त्याचं मनगट घट्ट धरलेलं.