कम्युनिटी फाउंडेशन आणि वांशिक समता: घोळ फॉर्ममध्येच असतो, या चुका टाळा

मी ओहायोत राहते, इथल्या एका कम्युनिटी फाउंडेशनच्या ग्रँट कमिटीवर दोन वर्षं व्हॉलंटियर म्हणून होते. गावातल्या लोकांनी दिलेला पैसा एकत्र ठेवायचा आणि त्यातून गावातल्याच संस्थांना मदत करायची, असा हा प्रकार. जगातलं असं पहिलं फाउंडेशन १९१४ साली आमच्याच राज्यात, क्लीव्हलंडला, फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँकवाल्याने काढलं.

आमच्याकडे भिंतीवर ‘रेशियल इक्विटी’ ठळक अक्षरात, पण पैसे दरवर्षी त्याच आठ-दहा संस्थांना. असं का होतं बघायला गेलो तर कोणाच्या मनात खोट नव्हती, फॉर्मनेच अर्धे लोक दारात अडवले होते. पोर्टलवर तीन वर्षांचा फॉर्म ९९० (सेवाभावी संस्था दरवर्षी कर खात्याला देतात तो जमाखर्चाचा फॉर्म) अपलोड केल्याशिवाय पुढचं पान उघडायचंच नाही. आता ज्या संस्थेची वर्षाची जमा साधारण ५० हजार डॉलरच्या आत असते ती ९९०-एन भरते, म्हणजे ऑनलाइन पोस्टकार्डच, त्यात जमाखर्च नसतोच! चर्चच्या तळघरात मुलांचा अभ्यास घेणाऱ्या एका कृष्णवर्णीय बाईंनी तेच पोस्टकार्ड तीनदा अपलोड केलं आणि तीनदा ‘अपूर्ण अर्ज’ असा मेल आला, चौथ्यांदा त्यांनी नाद सोडला.

उपाय साधा. छोट्या रकमेसाठी ९९० मागूच नका, बँक स्टेटमेंट आणि अर्ध्या तासाचा फोन पुरतो. रजिस्ट्रेशनच नसेल तर एखादी मोठी संस्था फिस्कल स्पॉन्सर म्हणून, म्हणजे त्यांच्या वतीने ग्रँट घेऊन सांभाळणारी, शोधून द्या, ‘तुम्हीच शोधा’ म्हणू नका, ज्यांच्या ओळखी नाहीत त्यांनी शोधायचं कुठे? आणि ‘आधी खर्च करा, मग बिलं दाखवून पैसे न्या’ हे तर बंदच करा, ज्यांच्याकडे शिल्लक नाही त्यांच्यासाठी ती ग्रँट नसून उधारी आहे.

दुसरी चूक नकाशाची. १९३० च्या दशकात एचओएलसी या सरकारी गृहकर्ज संस्थेने कृष्णवर्णीय वस्त्या नकाशावर लाल रंगवल्या, तिथे कर्ज देणं धोक्याचं ठरवलं. आपल्या शहराचा तो नकाशा काढा आणि गेल्या पाच वर्षांच्या ग्रँटचे पत्ते त्यावर ठेवून बघा. आम्ही ठेवले, मग मीटिंगमध्ये बराच वेळ कोणी बोललं नाही.

आता घाबरून उलटी चूक करू नका. अटलांटाच्या फिअरलेस फंड या गुंतवणूक संस्थेची फक्त कृष्णवर्णीय उद्योजिकांसाठी २० हजार डॉलरची ग्रँट होती, त्यावर करारात वंशभेद नको म्हणणाऱ्या १८६६ च्या नागरी हक्क कायद्याखाली २०२३ मध्ये केस झाली आणि २०२४ मध्ये तडजोडीत ती बंद करावी लागली. गंमत बघा, तो कायदा मुळात गुलामीतून सुटलेल्यांसाठी झालेला! ते वाचून आमच्याकडे लगेच ‘हा विषयच नको’ सुरू झालं. अहो, पात्रतेत वंश लिहू नका, वस्ती, उत्पन्न, संस्थेचा आकार हे निकष ठेवा, वकिलाला दाखवा आणि काम चालू ठेवा.

डोनर-अ‍ॅडव्हाइज्ड फंडांबद्दल, म्हणजे दात्याने फाउंडेशनमध्ये पैसे ठेवून ते कोणाला द्यायचे हे सुचवायचं अशा खात्यांबद्दल, एकच सांगते. दरवर्षी इतके टक्के वाटलेच पाहिजेत असा कायदा त्यांना नाही, त्यामुळे पैसा नुसता पडून राहू शकतो. आपल्यापैकी कोणाचं असं खातं असेल तर फाउंडेशनच्या स्टाफला फोन करून विचारा, लाल नकाशातल्या वस्तीत कोण काम करतंय. आमच्या स्टाफकडे ती यादी तयार होती, विचारणारंच कोणी नव्हतं.