पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो? आधी तोल, मग धावणं

व्यायाम करताना मुरगळलेला पाय काही महिन्यांनी त्याच जागी पुन्हा मुरगळला की 'माझा घोटाच नाजूक' असं आपण ठरवून टाकतो. बहुतेकदा तो नाजूक नसतो, अर्धवट बरा झालेला असतो. पाय आत वळला की घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध, म्हणजे हाडांना हाडं जोडणारे पट्टे, ताणले जातात. पाऊल कुठे, किती वाकडं पडलंय याची खबर मेंदूला देणारी मज्जातंतूंची टोकं याच अस्थिबंधांत असतात. सूज उतरते, दुखणं थांबतं, पण ही खबर सुस्तच राहते आणि सावरणारे स्नायू उशिरा जागे होतात.

सुरुवात हाडापासून करा. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांची मागची कड खालच्या टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत बोटाने दाबून बघा. मग पावलाच्या बाहेरच्या कडेच्या मध्यावरचा उंचवटा आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड दाबा. यातल्या कुठल्याही हाडावर कळ आली, किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायलाच हवा. कॅनडातल्या ओटावा इथे १९९२ मध्ये मांडलेल्या नियमांनुसार डॉक्टरही हेच तपासतात.

हाड शाबूत असेल तर पहिले दोन-तीन दिवस पायाला आराम द्या. फडक्यात गुंडाळलेला बर्फ एका वेळी १५-२० मिनिटं लावा. क्रेप बँडेज बोटांकडून वर बांधा. बोटं निळसर किंवा बधिर वाटली तर लगेच सैल करा. पाय उशीवर उंच ठेवा. जोरात चोळू नका.

कळ ओसरली की घोटा हलवायला लागा. बसल्या बसल्या अंगठ्याने हवेत अक्षरं काढा. साध्या लचकेत पाय आठवडेच्या आठवडे बांधून ठेवला तर तो आखडतो.

यापुढची पायरी लोक हमखास गाळतात. भिंतीजवळ अनवाणी, एका पायावर उभे राहा. अंगठ्याचा पाया, करंगळीचा पाया आणि टाच, तिन्ही जमिनीला टेकलेली हवीत. घोट्याच्या पुढच्या कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर) थरथरताना दिसतील. घाबरू नका, ती थरथर म्हणजेच व्यायाम. ३० सेकंद सहज जमलं की डोळे मिटून करा, मग घडी घातलेल्या चादरीवर. जोडीला चवड्यांवर उभं राहणं: वर पटकन, खाली मोजून तीन-चार सेकंदांत. आधी दोन्ही पायांवर, नंतर एकेका पायावर. चांगला पाय वीस वेळा करत असेल तर दुखऱ्यालाही त्याच्या जवळपास जमलं पाहिजे. हे कंटाळवाणं आहे खरं, पण किमान सहा आठवडे रोज करा.

अर्धा तास भरभर चालून आणि त्या पायावर उड्या मारून काही दुखलं नाही, तरच धावा: एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं. खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. सूज किंवा आखडलेपणा वाढला असेल तर एक पायरी मागे या. वेळ आणि वेग एकदम वाढवू नका. झटकन वळावं लागणारे खेळ सगळ्यात शेवटी. तिथे सुरुवातीचे काही महिने घोट्याचा पट्टा वापरलेला बरा.

बुटात सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा असावी. धावण्याचे बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बदलावेत, मग वरून ते कितीही नवे दिसोत.

पायाचं प्रत्येक दुखणं म्हणजे लचक नव्हे. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येते ती बहुधा टाचेपासून बोटांपर्यंत ताणलेल्या तळव्याच्या पडद्याची. तिला पोटरी आणि तळवा ताणण्याने उतार पडतो. पण पावलाच्या हाडावर एकाच ठिपक्याएवढ्या जागी दुखत असेल आणि धावताना ते वाढतच जात असेल, तर त्याच दिवशी धावणं बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. ताणामुळे हाडाला गेलेली बारीक चीर सुरुवातीच्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही, त्यामुळे रिपोर्ट चांगला आला तरी दुखणं तसंच असेल तर एमआरआयबद्दल विचारा.