जपानी ड्रगस्टोअरमधून स्किनकेअर घेताय? या चुका टाळा

टोकियोला फिरायला येणाऱ्या मराठी मंडळींच्या फोनमध्ये एक यादी हमखास असते. हाडा लाबो, बिओरे, मेलानो सीसी, क्युरेल, आनेस्सा, सगळे जपानी स्किनकेअर ब्रँड. मात्सुमोतो कियोशी या ड्रगस्टोअरच्या साखळीतल्या दुकानात शिरायचं, काउंटरवरच्या मुलीला यादी दाखवायची आणि टोपली भरायची. यादीत फक्त नावं असतात. चेहरा कुणाचा, तेलकट की कोरडा, तो मुंबईच्या दमट हवेत राहणार की नागपूरच्या उन्हात, यातलं काहीच लिहिलेलं नसतं. मी राहते त्या टोकियोतल्या निशिकासाई भागात भारतीय कुटुंबं पुष्कळ आहेत, त्यामुळे अशा भरलेल्या पिशव्या माझ्यासमोर बऱ्याचदा उघडल्या जातात, आणि त्याही बिल झाल्यानंतर. चांगल्या वस्तू चुकीच्या चेहऱ्यावर जाताना पाहून वाईट वाटतं, म्हणून हे लिहिते आहे.

लोशन लावलं की काम झालं असं समजणं

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक हीच. आपल्याकडे लोशन म्हटलं की हिवाळ्यात हातापायांना लावायचं पांढरं, दाट मॉइश्चरायझर डोळ्यांसमोर येतं. जपानी बाटलीवर लोशन लिहिलेलं असतं ते केशोसुई, पाण्यासारखं पातळ. चेहरा धुतल्यावरची ती पहिली पायरी. त्यानंतर न्यूएकी, म्हणजे दुधासारखं इमल्शन, नाहीतर क्रीम लावायचं असतं. केशोसुईतलं ग्लिसरीन आणि हायल्युरॉनिक ॲसिड पाणी धरून ठेवतं खरं, पण वरून स्निग्ध थर नसेल तर कोरड्या हवेत ते पाणी उडून जातं आणि चेहरा आधीपेक्षा जास्त ओढल्यासारखा होतो.

नागपूरहून नोकरीसाठी आलेली एक मुलगी जानेवारीत माझ्याकडे आली. टोकियोचा हिवाळा निरभ्र आणि कोरडा असतो, त्यात ऑफिसात आणि घरात दिवसभर हीटर. तिचे गाल सोलवटले होते, नाकाच्या कडा लाल झाल्या होत्या, साधं पाणी लागलं तरी चुरचुरत होतं. "ताई, मला या हाडा लाबोची ॲलर्जी आहे बहुतेक, दुसरं काहीतरी स्ट्राँग सांगा ना," म्हणाली. मी विचारलं, नेमकं काय काय लावतेस? तर एका व्हिडिओत सात थर लावायला सांगितले होते म्हणून ती रोज रात्री केशोसुईचे सात थर थापटत होती. त्यावर काहीच नाही. बाटली पाहिली तर हलक्या प्रकारातली, तेलकट त्वचेसाठीची. शिवाय सकाळ-संध्याकाळ भरपूर फेस येणारं फेसवॉश.

तिला नवीन असं एकच घ्यायला लावलं, क्युरेलचं क्रीम. बाकी सगळं कमी केलं. सकाळी फेसवॉश बंद, नुसतं कोमट पाणी. तीच केशोसुई, पण एकदाच, चेहरा ओलसर असताना, आणि लगेच वरून क्रीम. नाकाच्या कडांना आणि ओठांच्या कोपऱ्यांना रात्री व्हॅसलीनचा पुसट हात. चौथ्याच दिवशी तिचा मेसेज आला, "अजून काहीच फरक नाही, दुसरं घेऊ का?" इथेच लोकांचा धीर सुटतो. फाटलेलं आवरण पुन्हा धरायला त्वचेला काही आठवडे द्यावे लागतात. तिने ते दिले आणि चेहरा सुधारला. ॲलर्जी वगैरे काही नव्हतं.

याच चुकीला चिकटून येणारी दुसरी म्हणजे एकाच नावाखालचे प्रकार न पाहणं. जवळपास प्रत्येक जपानी केशोसुई दोन-तीन प्रकारांत येते. साप्पारी लिहिलेलं हलकं, शिट्टोरी लिहिलेलं जास्त ओलावा देणारं. क्युरेल यालाच एक, दोन, तीन असे रोमन आकडे देते. आकडा जितका मोठा, तितका ओलावा जास्त. हाडा लाबोच्या गोकुज्युन मालिकेत पांढरी बाटली नेहमीची, सोनेरी प्रीमियम बरीच दाट आणि चिकट. ती सोनेरी बाटली 'सगळ्यात भारी' म्हणून मुंबईला नेतात, आणि मे महिन्यात चेहरा चिकचिकतो म्हणून कपाटात टाकतात. मुंबई, कोकण, गोव्यात तेलकट चेहऱ्याला साप्पारी पुरतं. पुण्याच्या डिसेंबरला किंवा विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्याला शिट्टोरी आणि वर इमल्शन हवंच. नॅचुरी ब्रँडची हातोमुगी केशोसुई म्हणजे 500 मिलीची मोठी, स्वस्त बाटली. ती फार हलकी असते. तेलकट त्वचेला किंवा उन्हातून आल्यावर कापसाने लावायला छान, पण कोरड्या त्वचेचा सगळा भार तिच्यावर टाकू नका.

नाव एकच दिसलं म्हणून बाटली उचलू नका. दुकानातच फोनचा भाषांतर-कॅमेरा मागच्या बाजूवर धरा. मी अजूनही तसंच करते, कारण पाकिटं आणि प्रकार सतत बदलतात.

बिहाकु म्हणजे गोरं करणारं, हा समज

घरून आलेल्या यादीत 'व्हायटनिंग वालं काहीतरी' ही ओळ असतेच. कधी काकूंसाठी, कधी लग्न ठरलेल्या भाचीसाठी. मला ही ओळ वाचून मनापासून त्रास होतो, आणि तो मी लपवत नाही.

जपानी कायद्यात सौंदर्यप्रसाधनं आणि औषधं यांच्या मधोमध इयाकुबुगाइहिन नावाचा वर्ग आहे. पाकिटावर याकुयो लिहिलेलं दिसलं की वस्तू या वर्गातली समजा. त्यात मान्यता मिळालेला क्रियाशील घटक ठरलेल्या प्रमाणात असतो: ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, व्हिटॅमिन सीचे प्रकार, आर्ब्युटिन, वगैरे. आणि बिहाकु म्हणून विकायला परवानगी असलेला दावा एवढाच असतो की मेलॅनिन तयार होणं रोखून डाग आणि वांगाचे ठिपके टाळायला मदत होते. मूळ रंग उजळेल असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. काओ या मोठ्या कंपनीने तर 2021 मध्ये आपल्या उत्पादनांवरून बिहाकु हा शब्दच काढायचं ठरवलं.

घाई करणाऱ्यांनी कानेबो या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीचं 2013 सालचं प्रकरण जरूर माहीत करून घ्यावं. रोडोडेनॉल नावाचा बिहाकु घटक 2008 मध्ये सरकारी मान्यता मिळवून बाजारात आला होता. तो लावणाऱ्या काही लोकांच्या चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर कोडासारखे पांढरे चट्टे उठले. जुलै 2013 मध्ये कंपनीने ही उत्पादनं परत मागवली. बाधितांची संख्या 19,000 च्या वर गेली. अनेकांचा रंग हळूहळू परत आला, सगळ्यांचा नाही. ही मान्यताप्राप्त, नामांकित दुकानांत विकली जाणारी वस्तू होती. रंग बनवणाऱ्या पेशींशी खेळताना 'जपानी आहे, म्हणजे सुरक्षितच' हा विश्वास पुरत नाही.

आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेची खरी अडचण वेगळी असते: पुटकुळी जाते आणि काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. त्यावर मेलानो सीसीचं एसेन्स किंवा हाडा लाबोचं शिरोज्युन प्रीमियम ठीक आहे. पण सकाळचं सनस्क्रीन टाळून डागांवर सीरम लावत राहणं म्हणजे बोरिंग सुरू ठेवून टाकीला गळती तशीच ठेवण्यासारखं आहे. आधी सनस्क्रीन, मग बाकीचं.

सनस्क्रीन घेतानाही इथे रंगाचा प्रश्न येतो. 'टोन-अप', म्हणजे चेहरा उजळ दाखवणारं, लिहिलेलं, विशेषतः स्किन ॲक्वाचं जांभळट छटेचं, आपल्या रंगावर राखाडी दिसतं. जपानी गोऱ्या त्वचेचा पिवळेपणा झाकायला ती छटा दिलेली असते. ड्रगस्टोअरमधल्या रंगीत सनस्क्रीनच्या छटाही बहुतेक फिकट बेजच असतात. पारदर्शक बसणारं जेल किंवा एसेन्स घ्या.

सगळं एकाच दिवशी सुरू करणं

हॉटेलवर परत यायचं, सगळी खोकी फोडायची आणि त्याच रात्री तोंडावर पाच नव्या वस्तू. चार दिवसांनी पुरळ येतं, मग फोन येतो: "यातलं कशामुळे झालं असेल?" कुणालाच सांगता येणार नाही. मेलानो सीसीच्या एसेन्समध्ये खरं ॲस्कॉर्बिक ॲसिड असतं, नाजूक त्वचेला ते झोंबू शकतं. त्याच रात्री सोलणारं एन्झाइमचं फेसवॉश वापरलं तर दोष कुणाला द्यायचा? एका वेळी एकच नवी वस्तू. आधी जबड्याच्या खाली, कानाजवळ काही दिवस, मग चेहऱ्याच्या एका बाजूला, मग सगळीकडे. हे कंटाळवाणं आहे हे मान्य, पण याला जवळचा रस्ता मला तरी सापडलेला नाही. बऱ्याच ब्रँडचे छोटे ट्रायल संच दुकानात मिळतात. ते सोडून लोक थेट मोठ्या बाटल्या का उचलतात ते कळत नाही.

'ॲलर्जी टेस्ट केलेलं' किंवा 'नॉन-कोमेडोजेनिक (रोमछिद्रं न बुजवणारं) टेस्ट केलेलं' हे शिक्के पाहून निर्धास्त होऊ नका. त्याच पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की कुणालाच त्रास होणार नाही याची ही हमी नाही. नाजूक त्वचा असेल तर मी आधी मुकोर्यो, म्हणजे विनासुगंध, आणि मग अल्कोहोल-फ्री शोधते. क्युरेल आणि मिनॉन या दोन ब्रँडच्या फळ्यांपाशी त्यातलं बरंच मिळतं. त्वचा तेलकट आणि तरीही नाजूक असेल तर क्युरेलची खास तेलकट त्वचेसाठीची वेगळी मालिका आहे. नेहमीचीच उचलू नका.

मुरुमांसाठी चमत्काराची अपेक्षा

जपानी ड्रगस्टोअरमधली मुरुमांची उत्पादनं सौम्य असतात. साध्या सौंदर्यप्रसाधनांत सॅलिसिलिक ॲसिडची मर्यादाच 0.2 टक्के आहे. बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि ॲडापॅलीन ही मुरुमांवरची औषधं तर इथे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतच नाहीत. एखाद-दुसऱ्या पुटकुळीला इथलं सामान चालतं. गाठी आणि खड्डे पडणारे मुरूम असतील तर येनचे पैसे वाचवा आणि गावातल्या त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

औषधांच्या फळीवरून क्रीम उचलणं

दुकान एकच असल्यामुळे सौंदर्यप्रसाधनं आणि औषधं शेजारी-शेजारी असतात. हेपारिनॉइडची क्रीमं, जसं हिरुमाइल्ड, कोरड्या त्वचेवरचं औषध आहे. रक्तस्राव लवकर न थांबण्याचा आजार असलेल्यांनी ती वापरायची नसतात. त्याहून धोक्याचं म्हणजे स्टेरॉइड. रिंडेरॉन व्हीएस चिठ्ठीशिवाय मिळतं आणि त्यात बीटामेथासोन असतं. खोक्यावर दोनचा आकडा वर्तुळात किंवा चौकटीत दिसला, म्हणजे जास्त जपून वापरायच्या औषधाची खूण दिसली, की थांबा आणि काउंटरवर विचारा. बीटामेथासोनची क्रीमं गोरेपणासाठी लावून लावून चेहरा लाल, पातळ आणि केसाळ झालेल्या बायका आपल्याकडे प्रत्येक त्वचारोगतज्ज्ञाने पाहिल्या आहेत. तीच चूक जपानी खोक्यातून घरी नेऊ नका.

उरलेल्या, थोडक्यात

क्लेन्झिंग ऑइल ओल्या चेहऱ्यावर लावू नका. पाकिटावर ओल्या हाताने चालेल असं लिहिलं नसेल तर हात आणि चेहरा कोरडाच हवा. मग थोडं पाणी घेऊन ते दुधाळ होईपर्यंत चोळायचं आणि त्यानंतर धुवायचं. ही दुधाळ पायरी गाळणारे लोकच 'तेलामुळे मुरूम आले' म्हणतात.

सनस्क्रीन लावताना हात आखडता घेऊ नका. एसपीएफ मोजतात तो दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम या जाड थरावर. चिमूटभर लावून 50+ मिळत नाही. घाम येणाऱ्यांनी पाण्यात टिकण्याची चांदणी पाहावी: एक म्हणजे 40 मिनिटांची चाचणी, दोन म्हणजे 80. आनेस्साची बाटली आतली गोळी वाजेपर्यंत हलवा. बिओरेचं वॉटरी एसेन्स घामाबरोबर डोळ्यांत उतरलं की चुरचुरतं, त्यात अल्कोहोल असतं. डोळ्यांभोवती दुसरं लावा.

शीट मास्क वाळेपर्यंत चेहऱ्यावर ठेवू नका.

एक्सपायरी दिसत नाही म्हणून घाबरू नका. न उघडता तीन वर्षांहून जास्त टिकणाऱ्या प्रसाधनांवर तारीख छापणं जपानमध्ये सक्तीचं नाही. पण म्हणून सेलमध्ये सहा-सहा बाटल्या नेणं शहाणपणाचं नाही. मी बाटली उघडली की तळाला पेनाने महिना लिहिते.

आणि त्सुमेकाए लिहिलेली मऊ पिशवी स्वस्त दिसते म्हणून घेऊ नका. ते रिफिल असतं, मूळ पंपाची बाटली नसेल तर उपयोगाचं नाही. फेसाच्या पंपातलं फेसवॉश साध्या बाटलीत ओतलं तर फेस येत नाही, नुसतं पाणी गळतं. ती घेतलीच तर दोन झिपलॉक पिशव्यांत घालून चेक-इन सामानात मध्यभागी ठेवा. गोकुज्युनची 170 मिलीची बाटलीही चेक-इनमध्येच जाते, केबिनमध्ये 100 मिलीच्या वरचं काही चालत नाही.