स्वगत कापलं, चष्मा ठेवला

मी संकलक. लोकांनी घाम गाळून शूट केलेलं कापायचं, हा माझा धंदा. एका लघुपटात वडील गेल्यानंतर धाकट्या मुलाचं दीड पानी स्वगत होतं. अभिनेत्यानं नऊ टेक दिले, नऊही वेळा खरा रडला. रशेस, म्हणजे शूट केलेलं कच्चं चित्रण, बघताना मला काहीच होईना. सातव्या टेकच्या आधी मात्र कॅमेरा चुकून सुरू राहिला होता. त्यात तो टेबलावरचा वडिलांचा चष्मा उचलतो, शर्टाच्या टोकानं पुसतो, ठेवायचा कुठं हे न कळून तसाच धरून बसतो. आम्ही तेवढंच ठेवलं.

तेव्हापासून भावनेच्या शांत सीनबद्दल नवीन दिग्दर्शकांना मी पहिली गोष्ट सांगतो, घटना संपल्यावर सीन सुरू करा. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूच्या 1949 च्या ‘लेट स्प्रिंग’मध्ये सगळी कथा मुलीच्या लग्नाभोवती फिरते, पण लग्न पडद्यावर येत नाही, नवरदेवही नाही. शेवटी बाप एकटा घरी येतो, सफरचंद सोलायला घेतो. साल गळून पडतं, हात थांबतो, मान खाली जाते. बस.

हातांना काम द्या. पण कसलंही नाही. ज्याला सुरुवात आणि शेवट आहे, जे मध्येच अडू शकतं, असं काम हवं. कपड्यांच्या घड्या घालणं चालतं. खिडकीतून बाहेर बघत बसणं म्हणजे काम नव्हे, तो दिग्दर्शकाचा आळस. भावना दिसते ती काम अडतं तिथं. म्हणून अभिनेत्याला ‘दुःखी हो’ म्हणू नका. ‘हा चष्मा जागेवर ठेवायचाय आणि जागा कुठली ते तुला माहीत नाही’, एवढंच सांगा.

संवादाचं तसंच. मनातलं वाक्य आधी कागदावर पूर्ण लिहून काढा: ‘तू मला सोडून चाललीस.’ मग ते खोडून त्या जागी ‘चार्जर घेतलास ना?’ लिहा. खोडलेलं वाक्य अभिनेत्यांना दाखवायचं, प्रेक्षकांना नाही.

शूटिंगमध्ये ‘कट’ म्हणायची घाई नको. मनात दहा आकडे मोजा. संकलनात मला लागतं ते नेमकं त्या दहा आकड्यांत सापडतं. क्लोज-अपही राखून ठेवा. आधी माणूस आणि त्याची रिकामी खोली एकत्र दिसू दे.

आता आवाज. इथं नवखे हमखास फसतात. शांतता म्हणजे आवाजाचा ट्रॅक रिकामा ठेवणं नव्हे. तसा ठेवलात तर थिएटरात लोकांना स्पीकर बिघडलाय असं वाटेल. प्रत्येक जागी सगळ्यांना स्तब्ध उभं करून मिनिटभर रूम टोन, म्हणजे त्या जागेचा स्वतःचा बारीक आवाज, रेकॉर्ड करून घ्या. आमच्या त्या चष्म्याच्या शॉटमागे युनिटची कुजबुज होती, ती झाकायला रूम टोनच नव्हता. शेवटी त्याच खोलीत परत जाऊन तो रेकॉर्ड केला, वर चष्म्याच्या डबीचा ‘टक’ वेगळा घेतला. अख्ख्या सीनमध्ये ऐकण्यासारखं तेवढंच आहे.

पार्श्वसंगीत सगळ्यात शेवटी, आणि घालायचंच तर काहीतरी काढून घाला. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’त (1955) मुलगी गेल्याचं माहीत नसलेला हरिहर घरी परततो, तेव्हा त्याच्या बायकोचा, सर्वजयेचा आक्रोश आपल्याला ऐकू येत नाही, त्या जागी तारशहनाई हे तंतुवाद्य वाजतं. रडण्याच्या आवाजावरच तारशहनाई चढवली असती तर सगळं बटबटीत झालं असतं.

एक सावधगिरी. संथ म्हणजे खरं, असं समजू नका. सीन काढून बघा. पुढच्या सीनमधला माणूस तरीही तसाच वाटत असेल तर काढलेला सीन गेलेलाच बरा. तसे कित्येक सुंदर शॉट मी उडवलेत आणि शिव्याही खाल्ल्यात. शिवाय शांत सीनच्या आधी गोंगाट लागतो. ओळीनं तीन शांत सीन लावले की प्रेक्षक मोबाइल काढतो.

ते दीड पानी स्वगत अजून माझ्या हार्ड डिस्कवर आहे. अभिनेता भेटला की अजूनही विचारतो, ‘निदान चौथा टेक तरी?’